गोड्या पाण्यातली बुरशी

दुपारी झाड मान टाकतं आणि संध्याकाळी पुन्हा उभं राहतं, तेव्हा माणूस स्वतःची समजूत घालतो की ऊन लागलं असेल. आम्हीही तशीच घातली. आमच्या ह्यांनी पाटाचं पाणी थोडं जास्त सोडलं, मी काठ्यांना बांधलेली सुतळी सैल केली, मामंजींनी नेहमीप्रमाणे हवेला शिव्या घातल्या. टोमॅटोला फळ धरायला नुकती सुरुवात झाली होती. हिरवीगार पानं, एकही पिवळं नाही, आणि तरी दुपार झाली की झाड असं लोळायचं की बघवत नसे.

वन्सं सुट्टीला घरी आल्या त्या चप्पलही न काढता थेट शेतात गेल्या. समुद्राकाठच्या संशोधन केंद्रात त्या बुरश्या वाढवतात. गावात त्यांना तोंडावर ताई आणि पाठीमागे बुरशीबाई म्हणतात, आणि हे त्यांना ठाऊक आहे. त्यांनी एक लोळलेलं झाड बुडापासून कापलं, माझ्याकडून काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी मागितलं आणि देठाचं कापलेलं टोक त्यात बुडवून धरलं.

"कोणी धक्का देऊ नका."

आम्ही ओट्यावर पेल्याभोवती वाकून उभे. थोड्या वेळाने देठातून एक पांढरी दोरी खाली उतरायला लागली. दुधाची धार पाण्यात सोडावी तशी, पण सावकाश.

"मर," वन्सं म्हणाल्या. "जंतू आहेत हे. झाडाच्या नळ्या भरून टाकतात. पाणी वर चढत नाही."

"औषध?" ह्यांनी विचारलं.

"दुकानात मिळणारं नाही, दादा."

 उभ्या उभ्या ह्यांचा एक पाय हलायला लागला. तो पाय हलायला लागला की ह्यांचं मन घराबाहेर निघालं असं मी समजते. मागच्या हंगामात पीक हातचं गेलं तेव्हा हे मासेमारीच्या मोठ्या बोटीवर गेले होते. तिथे जाळं ओढायच्या यंत्रात एका माणसाचा हात दोरासकट आत गेलेला त्यांनी पाहिला. परत आल्यावर कितीतरी दिवस झोपेत दचकून स्वतःचा हात पोटाशी घेऊन बसायचे. मला ते पुन्हा बोटीवर जायला नको होते. टोमॅटो जगावेत असं मला वाटत होतं ते टोमॅटोसाठी नव्हे.

बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. संध्याकाळी चुलतसासरे आले. आमचं शेत वर, त्यांचं खाली, पाट एकच. आमच्या सऱ्यांतून ओघळलेलं पाणी त्यांच्याकडे जातं. वाटणी झाल्यापासून दोघा भावांचं बोलणं बंद आहे. त्यामुळे मामंजी समोर बाजेवर बसलेले असले तरी काका माझ्याकडे तोंड करून बोलतात आणि मी म्हणजे दोन भावांच्या मधली खिडकी.

"सूनबाई, तुझ्या सासऱ्याला सांग, पाटावरच्या सगळ्यांचं ठरलेलं आहे. ज्याच्या शेतात मर शिरली त्यानं झाडं उपटून जाळायची. माझी वांगी खाली उभी आहेत."

"त्याला सांग," मामंजी छपराकडे बघत म्हणाले, "ठरलं तेव्हा मीही होतो."

"मग उपटा म्हणावं."

"काका," वन्सं मधे पडल्या, "या महिन्याच्या अखेरीपर्यंत थांबा. माझ्याकडे एक उपाय आहे. पाटातून एक थेंब खाली येऊ देणार नाही. लागेल तेवढं पाणी आम्ही बेतानं देऊ."

काकांनी बराच वेळ मिशी चोळली. वन्सं लहानपणी त्यांच्याच अंगणात वाढलेल्या. "महिनाअखेर," ते म्हणाले. "मग मी माझी माणसं घेऊन येईन आणि स्वतः उपटीन. तेव्हा रडायचं नाही."

*

उपाय होता तो असा. वन्संना समुद्रात वाहत आलेल्या एका कुजक्या ओंडक्यावर एक बुरशी सापडली होती. केंद्रात त्यांनी ती वाढवली, तर ती नुसती खायची आणि पसरायची. मग त्यांनी तिच्या शेजारी मातीतला एक जिवाणू आणून सोडला.

"एकाच भांड्यात दोघं. जागा तेवढीच, खाणं तेवढंच. मग हिला राग येतो. त्या रागात ती जे सोडते ना वहिनी, त्यानं मरेचे जंतू मरतात. एकटी असताना ते ती कधीच करत नाही."

"म्हणजे दोन जावा एका चुलीवर," मी म्हटलं.

"अगदी तसंच. आणि आपल्याला ते भांडण हवंय."

कुंड्यांमध्ये जमलं होतं, शेतात अजून कोणी केलं नव्हतं. केंद्रातल्या साहेबांनी एका शेतावर करून बघायला हो म्हटलं होतं. पिंपं, सरपण आणि अंगमेहनत मात्र आमची. इथवर सगळं ठीक होतं. मग वन्संनी सांगितलं की बुरशी समुद्रातली आहे, तिला वाढवायला समुद्राचं पाणी लागेल.

मामंजी बाजेवरून उठले. "समुद्राचं पाणी माझ्या मुळाशी?"

"मुळाशी जाताना त्यात इतकं गोडं पाणी मिसळायचं आहे बाबा, की जिभेलाही कळणार नाही."

"जिभेला नाही कळणार. मातीला कळेल."

आमच्या शेताच्या एका अंगाला मातीचा उंच बांध आहे आणि बांधाच्या पलीकडे समुद्र. मामंजी तरुण असताना एका वादळात बांध फुटला, शेतात समुद्र उभा राहिला, आणि पुढे कितीतरी वर्षं तिथे खारं गवत सोडून काही उगवलं नाही. तेव्हापासून ते रोज सकाळी कुदळ घेऊन बांधावरून चालतात. खेकड्यानं भोक पाडलं की लगेच चिखलानं बुजवतात. सारं आयुष्य त्यांनी समुद्राला बाहेर ठेवण्यात घालवलं. वाळूवर मात्र त्यांनी पाऊल टाकलेलं मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलेलं नाही.

"तुमचं शेत आहे," वन्सं म्हणाल्या. "नको म्हणा, मी परत जाते."

मामंजी ह्यांच्या हलणाऱ्या पायाकडे बघत राहिले. "कर काय करायचं ते," म्हणाले आणि कुदळ घेऊन बाहेर गेले.

*

पहिलं पिंप हे आणि मी भरलं. हातगाडीवर प्लास्टिकचे कॅन लादून वाळूत उतरायचं, गुडघाभर पाण्यात शिरून कॅन भरायचे, आणि भरलेली गाडी परत ओढायची. वाळूत चाक असं रुततं की एकानं पुढून ओढावं आणि एकानं मागून पाठ लावावी. खांद्याला दोरीचे वळ उठले. घरी आल्यावर बटाटे सोलून, चिरून, उकळून त्यांचं पाणी गाळायचं, त्यात साखर घालायची, समुद्राचं पाणी घालायचं आणि मोठ्या हंड्यात सगळं पुन्हा रटरटू द्यायचं. त्या वाफेत माझं मनगट भाजलं. हंडा रिकामा झाल्यावर आतून पांढरा खरखरीत थर धरलेला, तो राख आणि काथ्या घेऊन घासता घासता माझी नखं गेली.

वन्संनी कोंबड्यांची खोली रिकामी करून घेतली, चुना मारून घेतला, पिंपाला उकळत्या पाण्यानं अंघोळ घातली. ओतताना आम्हाला श्वास घ्यायचीही परवानगी नव्हती.

"दादा, शिंकू नकोस!"

"शिंक विचारून येते का?"

"मग बाहेर जा!"

बाटलीतली बुरशी पिंपात गेली, वर स्वच्छ फडकं बांधलं. काही दिवसांनी वन्संनी जिवाणूंची बाटली ओतली आणि मग त्यांना चैन पडेना. सुट्टी संपली होती, केंद्रात जाऊन यायच्या त्या थेट कोंबड्यांच्या खोलीत. आम्हालाही चैन पडेना. चहा गाळता गाळता मी उठून फडक्याला कान लावायची. भांडण ऐकू येईल असं वाटायचं की काय कोण जाणे.

एके सकाळी त्या खोलीतूनच ओरडल्या, "लागलं! लागलं भांडण!"

पिंपातलं पाणी गंजासारखं तांबडं झालं होतं. वास ओल्या लाकडाचा. बुरशी बिचारी तळाशी चिमटून, गोळे गोळे होऊन बसली होती, बघून वाटावं की आजारी आहे. वन्सं मात्र नाचायच्या बाकी होत्या. ते पाणी गाळून, गोड्या पाण्यात मिसळून आम्ही वरच्या अर्ध्या शेतात प्रत्येक झाडाच्या बुडाशी पेल्यानं घातलं. वाकून वाकून कंबरेचा काटा ढिला झाला. जी झाडं आधीच लोळली होती ती गेली, ती आम्ही उपटून जाळली. पण वरच्या अंगाला नवीन झाड लोळेना. रोज दुपारी भर उन्हात आम्ही सऱ्यांमधून फिरायचो, एकमेकांशी न बोलता, कुणी एकानं "हे बघ" म्हणू नये म्हणून देवाचं नाव घेत.

खालच्या अर्ध्यासाठी दुसरं पिंप करायचं होतं. तिथं रोज दोन-चार झाडं माना टाकत होती, आणि ह्यांचा धीर सुटला. "मी बोटवाल्याला भेटून ठेवतो. नाही जमलं तर हातात काहीतरी असू दे," म्हणून ते निघाले. वन्सं केंद्रात. माझ्या मनगटावर फोड आलेले, गाडी ओढता येईना. मी ओट्यावर कॅनकडे बघत बसले होते. मामंजी आले.

"राहू दे पोरी. पाणी मी आणतो."

मी उठून उभी राहिले. "तुम्ही? वाळूत?"

"का? मला पाय नाहीत?"

मला इतकं भरून आलं की मी त्यांना गूळपाणी दिलं. ते गाडी घेऊन गेले आणि लवकर परतही आले. हंड्याखाली जाळ त्यांनीच घातला, बटाटे मी एका हातानं सोलले. संध्याकाळी हंडा घासायला बसले, तर आत नुसता हात फिरवला आणि लख्ख झाला. फोडांवर कुणाची तरी कृपा झाली म्हणून मला बरं वाटलं.

दुसऱ्या पिंपातली बुरशी अशी वाढली म्हणता! पांढरीशुभ्र, जाडजूड, पिंपाच्या तोंडापर्यंत आली. मामंजी येता-जाता फडकं उचलून बघायचे आणि खूश होऊन बाहेर यायचे. मी त्यांना इतकं खूश क्वचित पाहिलंय.

"पहिल्या पिंपात काय होतं? मरतुकडी होती. ही बघ कशी टरारून वर आली. पीक असं दिसायला पाहिजे."

वन्संनी जिवाणू ओतले, वाट बघितली, पुन्हा बघितली. पाणी दुधट ते दुधटच.

"रंग का येत नाही?" त्या पिंपाचा वास घेत होत्या, नखं खात होत्या. "दादा, थोडं थांबू या. मला हे बरोबर वाटत नाही."

"थांबायला आहे काय खाली?" हे ओरडले. घरात ते सहसा ओरडत नाहीत. "रोज झाडं लोळतायत आणि तू म्हणतेस थांब! बुरशी वाढलीय की नाही? डोळ्यांना दिसतंय ना?"

"वाढलीय, पण..."

"मग ओत!"

ओतलं. खालच्या अर्ध्या शेतात बुडाबुडाशी आम्ही ते दुधट पाणी पाजलं. आणि खालचं शेत सऱ्याच्या सऱ्या गेलं. आधी एक ओळ, मग शेजारची, मग तिची शेजारीण. काठ्या उभ्या आणि काठ्यांना लटकलेली झाडं. कच्ची फळं लटकल्या लटकल्या सुरकुतली. वरचं शेत मात्र उभं होतं. मधोमध रेघ मारावी तसा फरक दिसत होता.

"खालची जमीन ओल धरते," हे म्हणाले. "म्हणून. वरचंही जाईल, थोडं उशिरा."

 वन्सं जेवायच्या नाहीत. मध्येच उठून पिंपापाशी जायच्या, मध्येच शेतात, तिथून परत. एकदा मला कोंबड्यांच्या खोलीत त्या भिंतीला कपाळ टेकून रडताना दिसल्या. "माझीच बुरशी बिघडली वहिनी. जिवंत गोष्ट आहे, हातात धरून ठेवली की बिघडते म्हणतात. मी दादाचं अर्धं शेत मारलं." मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरं काय करणार होते?

*

महिनाअखेर काका आले ते माणसं, कोयते आणि पोती घेऊनच. मी ओट्यावर होते. आत बाजेवर ह्यांची पिशवी भरलेली पडली होती, दोन सदरे, टॉवेल, जुना रेनकोट. बोट त्याच संध्याकाळी सुटणार होती. मी सकाळपासून ती पिशवी तीनदा रिकामी केली आणि ह्यांनी न बोलता तीनदा भरली.

मामंजी बांधावरून येऊन कुदळ ठेवायला आत गेले.

"ही पिशवी कुणाची?"

"माझी," हे म्हणाले.

"कुठे निघालास?"

"कुठे म्हणजे? काका उपटायला आलेत. उपटून झालं की बोटीवर."

मामंजींनी पिशवीच्या बंदाला हात लावला आणि मग खालीच बसले, जमिनीवर. मला वाटलं चक्कर आली. मी पाणी घेऊन धावले तर त्यांनी पेला बाजूला सारला. बाहेरून काकांचा आवाज येत होता.

"सूनबाई! तुझ्या सासऱ्याला सांग, शब्द दिला होता तो पाळतोय. खालचं तर मेलेलंच आहे, वरचंही उपटणार. अर्ध्यानं सुटका नाही."

वन्सं सऱ्यांच्या तोंडाशी हात पसरून उभ्या होत्या. "काका, वरचं जगलंय. बघा तरी!"

"आज जगलंय. पुढच्या आठवड्यात माझ्या वांग्यांत येईल. बाजूला हो पोरी."

एका माणसानं पहिली काठी उपटली. तेव्हा मामंजी घरातून बाहेर आले.

"धाकट्या, थांब."

 काकांनी मागे वळून पाहिलं, माझ्याकडे, मग मामंजींकडे, जणू कुणी तिसऱ्यानंच हाक मारली असावी. कोयतेवाले जागच्या जागी उभे राहिले. वाटणीनंतर कुणी या दोघांचं बोलणं ऐकलं नव्हतं.

"खालच्या अर्ध्याला समुद्राचं पाणी घातलंच नव्हतं," मामंजी म्हणाले. "दुसरं पिंप विहिरीच्या पाण्याचं होतं. मी भरलं. मी वाळूत गेलोच नाही. विहिरीवर जाऊन कॅन भरले आणि परत आलो."

 मला तो लख्ख हंडा आठवला; विहिरीच्या पाण्यात मीठच नव्हतं, तर थर धरणार कुठून.

"बाबा!" वन्संचा आवाज चिरकला. "माझं डोकं फुटायची वेळ आली. माझं कुठे चुकलं, माझं कुठे चुकलं म्हणून मी झोपले नाही. आणि तुम्ही रोज माझ्यासमोर जेवत होतात?"

"मला वाटलं, जास्त चांगलं केलं. किती छान वाढली होती पण ती."

"वाढणारच! सुखात होती ती! मिठाच्या पाण्यात तिला भांडायला जोर येतो. गोड्या पाण्यात तिनं आणि जिवाणूंनी आपापलं खाल्लं आणि झोपली दोघं. आपल्याला गुबगुबीत बुरशी नको होती बाबा, रागावलेली हवी होती!"

कोयतेवाल्यांपैकी एक जण फसकन हसला. मग काकाही हसले, आणि ते हसणं चांगलं नव्हतं. "भाऊची समुद्राची भीती. सगळ्या पाटाला ठाऊक आहे. खेकड्याच्या भोकालाही कुदळ घेऊन धावतो. स्वतःच्या हातानं पोराचं शेत मारलंस की रे."

मामंजींची मान खाली गेली. त्यांना इतकं लहान झालेलं बघून माझा जीव कासावीस झाला, राग होता तरी.

"हो," ते म्हणाले. "वाटते भीती. मुळाशी ते पाणी घालायला हात उचलेना माझा. तुला आठवत नसेल. बांध फुटला तेव्हा तू माझ्या खांद्यावर होतास. पाणी माझ्या छातीला लागलं होतं आणि तू वर बसून विचारत होतास की आपली म्हैस कुठे पोहतेय."

काकांचं हसू विझलं. ते बराच वेळ पायानं ढेकूळ फोडत राहिले. मग काही न बोलता सऱ्यांत शिरले, जिथे खालचं मेलेलं संपतं आणि वरचं हिरवं सुरू होतं तिथे जाऊन उकिडवे बसले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. हातानं त्या रेघेवरून मोजल्यासारखं केलं.

"रोग असा सरळ थांबत नाही," ते स्वतःशीच म्हणाले. मग कोयत्यानं वरच्या अंगाचं, अगदी रेघेला लागून असलेलं एक तजेलदार झाड कापलं. फळानं भरलेलं होतं. "सूनबाई, पेला आण. पाणी स्वच्छ पाहिजे."

पेला ओट्यावर ठेवला, काकांनी देठ बुडवून धरला आणि आम्ही सगळे वाकलो, माणसं कोयत्यांसकट. ह्यांचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. वन्संनी डोळे मिटून घेतले होते. दोरी उतरेना.

"थांबा अजून," काका म्हणाले.

थांबलो. त्यांचा हात अवघडला तसं त्यांनी दुसऱ्या हातानं मनगट धरलं. पाणी नितळ ते नितळ.

"खालचं सगळं उपटून जाळा," शेवटी ते उठले. "आज, आत्ता, माझी माणसं लावतील हात. वरचं राहू दे. पण पाट मी मातीनं बंद करणार. तुमच्या शेतातून एक ओहोळ माझ्याकडे आला तर मी विचारायला येणार नाही. पाणी पाजायचं तर घागरीनं पाजा, झाडाला मोजून."

"पाजू," वन्सं म्हणाल्या. "आणि औषध पुन्हा द्यावं लागेल, एकदा देऊन भागणार नाही. नवीन पिंप लावायला हवं. आजच."

"घागरीनं एवढं शेत?" काकांनी ह्यांच्याकडे पाहिलं. "दोन माणसांनी दिवसभर वाहिलं तरच. आणि फळ काढेपर्यंत रोज. तू तर बोटीवर चाललास ना?"

 मी विहिरीवरून घागरी आणायला गेले. परत आले तेव्हा ते काकांच्या माणसांबरोबर मेलेली झाडं उपटत होते. पिशवीचं मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. अर्धं शेत म्हणजे अर्धं पोट, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

खालच्या शेताला आग लागली तेव्हा हिरव्या देठांचा धूर सगळ्यांच्या डोळ्यांत गेला. वन्सं डोळे पुसत म्हणाल्या, "मी मागितलं असतं तरी दादानं अर्धं शेत तसंच सोडायला दिलं नसतं, नुसतं तुलना करून बघायला. बाबांच्या चुकीनं ते आपोआप झालं. केंद्रात हे दाखवलं तर लोक विचारतील, इतकं पक्कं कसं कळलं." मग धुरापलीकडे मामंजींकडे बघून म्हणाल्या, "मी बाबांना हे सांगणार नाही. निदान या वर्षी नाही."

*

दुपार कलल्यावर मामंजींनी हातगाडी बाहेर काढली. कॅन एकेक करून लादले, दोरी बांधली. कुणाकडे बघितलं नाही. ह्यांनी घागर खाली ठेवून गाडीला लावायला हात पुढे केला, तर म्हणाले, "तू तुझ्या ओळी पाज."

मीच मागून गेले. एकट्याच्यानं ती गाडी वाळूतून वर येत नाही हे मला माहीत होतं.

बांधापाशी ते थांबले, धोतर वर खोचलं आणि उतरले. वाळूत पाय टाकताना तापलेल्या तव्यावर टाकावा तसा टाकत होते. पाण्याच्या कडेला गेले आणि पुन्हा थांबले. मी गाडी धरून उभी. म्हणणार होते की मामंजी, द्या इकडे, मी भरते. पण नाही म्हटलं. त्यांनी पहिला कॅन उचलला आणि गुडघ्यापर्यंत आत शिरले.

बोट तेव्हाच आली. आमच्या किनाऱ्याला ती लागत नाही, आत उभी राहते आणि छोटी होडी माणसं न्यायला येते. होडीतल्या माणसानं हात हलवला.

"ओ बाबा! मुलगा कुठाय? चला म्हणावं, भरती आलीय!"

मामंजी वळले. मी बांधाकडे पाहिलं, हे आलेत की काय म्हणून.  बांधावर कुणी नव्हतं. बांधापलीकडे सऱ्यांत त्यांचं डोकं खाली जाताना आणि वर येताना दिसत होतं, घागर रिकामी करून पुढच्या झाडाकडे.

"नाही येत तो!" मामंजी ओरडले.

"का? बोलला होता ना!"

"बोलला होता. आता शेत पाजतोय. मी पाणी भरतोय, दिसत नाही का?"

होडीतला काही म्हणणार तोच मागून एक लाट आली आणि मामंजींच्या छातीवर आदळली. तोल गेला, गुडघे टेकले, नाकातोंडात पाणी गेलं. मी गाडी सोडून धावले. ते खोकत, थुंकत उठले, डोळे लाल, मिशीवरून पाणी गळतंय, आणि उठल्या उठल्या त्यांनी समुद्राला अशी एक शिवी दिली की होडीतला माणूस वल्हं मारायचं थांबला. तेवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून आणखी एक दिली, बापाच्या बापापासूनची.

मग त्यांनी हातातला कॅन पाहिला. पडताना सुटला नव्हता. अर्धा भरला होता. तो त्यांनी पुन्हा पाण्यात बुडवला, काठोकाठ भरून घेतला आणि माझ्याकडे दिला.

"घे पोरी. अजून किती लागतात?"